ट्रॅक्टरला डोळे कुठे काढायचे? बोलक्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

बोलणाऱ्या गाड्यांचा 'कार्स' (2006) पाहून तसाच छोटा सिनेमा घरी किंवा शाळेत करू पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. पुठ्ठ्याच्या गाड्या, मोबाइलचा कॅमेरा आणि एकेक फोटो काढत पुढे जायचं, असं बहुतेकांचं काम आहे. म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत.

सातवीची मुलं एसटी आणि केळीचा ट्रॅक्टर घेऊन एक मिनिटाचा सिनेमा करत आहेत. मुलांनी डोळे हेडलाइटमध्ये काढले. 'कार्स'मध्ये ते समोरच्या काचेवर आहेत. बरोबर काय? आणि ट्रॅक्टरला तर काचच नसते. (शिक्षिका, चोपडा)

एसटीचे डोळे काचेवरच घ्या. दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी 'कार्स'साठी हाच निर्णय घेतला होता, आणि त्याच्याही कितीतरी आधी, 1952 मध्ये, डिस्नेच्या एका लघुपटातल्या छोट्या निळ्या कारला असेच काचेवर डोळे होते. हेडलाइटमध्ये डोळे काढले की डोळे आणि तोंड दोन्ही गाडीच्या टोकाला गोळा होतात आणि मागे उरतं ते नुसतं लांबलचक धड. काचेवर डोळे आले की बॉनेट नाक होतं, बंपर ओठ होतो आणि अख्खी गाडी चेहरा होते. दुसरं कारण जागेचं. हेडलाइटच्या 1 सेंमीच्या गोलात बुबुळ हलायला वावच नसतो. काच रुंद असते, त्यामुळे गाडीने डावीकडे पाहिलं की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही ते कळतं.

20 सेंमी लांबीच्या एसटीला साधारण 7 बाय 3 सेंमीची काच येते. त्यावर 9 ते 10 मिमीची काळ्या कागदाची दोन बुबुळं मेणाच्या ठिपक्याने चिकटवा, म्हणजे काढता-सरकवता येतील. पापण्या बसच्याच लाल कागदाच्या करा: उघडी, अर्धी, मिटलेली. डोळा मिचकावायला तीन फोटो लागतात, अर्धी, मिटलेली, पुन्हा अर्धी. वरची पापणी बुबुळावर किंचित टेकलेली हवी. बुबुळाभोवती सगळीकडून पांढरं दिसलं की गाडी कायम दचकलेली वाटते, ही चूक फार होते. आणि काचेवरची गावाची पाटी वाया घालवू नका. ती सुटी ठेवून 2-3 मिमी वर-खाली किंवा तिरकी केली की एसटीला भुवया मिळतात.

आता ट्रॅक्टर. त्याला खोटी काच लावू नका, तो ट्रॅक्टर राहणार नाही. 'कार्स'मध्ये ट्रॅक्टर बोलतच नाहीत, ते गुरांसारखे वागतात आणि हॉर्नने दचकून मागच्या मागे उलटे होतात. आपल्याकडे तर हे मुलांना समजावूनही सांगावं लागणार नाही, पोळ्याला ट्रॅक्टरलाही हार पडतो. तुमचा ट्रॅक्टर बैल समजा. डोळे हेडलाइटमध्ये, तोंड नाही, बोलणं फक्त मान हलवून. पुढचं नाक 3 मिमी वर-खाली केलं की होकार. एसटी बडबडी आणि ट्रॅक्टर मुका, ही जोडी एक मिनिटाला पुरेशी आहे.

गाडी पुढे जाते पण चाकं जागच्या जागी थांबल्यासारखी किंवा उलटी फिरताना दिसतात. (धुळे)

तुमच्या चाकाला 12 सारखे आरे असणार. 4 सेंमी व्यासाच्या चाकाचा परीघ 12.6 सेंमी, म्हणजे दर फोटोला गाडी 1 सेंमी सरकली की चाक सुमारे 29 अंश फिरतं. 12 आऱ्यांमधलं अंतर 30 अंश. प्रत्येक फोटोत एक आरा जवळजवळ नेमका आधीच्या आऱ्याच्या जागी येतो, किंचित मागे राहतो, आणि डोळ्याला चाक थांबलेलं किंवा हळूहळू मागे जाताना दिसतं. उपाय सोपा आहे. आरे पुसून चाकावर एकच पांढरी खूण करा.

ट्रॅक्टरवाल्यांनी आणखी एक जपायचं. पुढचं आणि मागचं चाक सारख्याच अंशांनी फिरवू नका. मागचं 7 सेंमीचं असेल तर 1 सेंमीला ते 16 अंशच फिरतं, पुढचं 3.5 सेंमीचं मात्र 33 अंश. चाकं घासत जात असतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी धावेसारखी चढवा आणि आस स्ट्रॉमधून ओवा. मग गाडी ढकलली की चाकं आपोआप बरोबर फिरतात, मोजत बसावं लागत नाही.

केळीने भरलेली ट्रॉली रिकाम्या खोक्यासारखी भुर्रकन पळते. वजन कसं दाखवायचं? (रावेर)

आलेल्या सगळ्या प्रश्नांत आम्हाला हा सर्वांत मोलाचा वाटला. डोळे-तोंड कितीही सुंदर काढा, गाडीला वजन नसेल तर तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. लोखंड लोखंडासारखंच हललं पाहिजे.

वजन दिसतं ते दोन फोटोंमधल्या अंतरात. टेबलाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी आलेख कागदाची पट्टी चिकटवा आणि तिच्यावर मोजून गाडी सरकवा. सेकंदाला 12 फोटो धरले तर रिकामा ट्रॅक्टर 3, 7, 10 मिमी असा तीन फोटोंत वेग घेईल. भरलेल्याला 1, 1, 2, 2, 3, 4, 5, 6, 7, 8, 9, 10 द्या, म्हणजे पूर्ण एक सेकंद. थांबतानाही तसंच, उलट क्रमाने.

ट्रॉली ट्रॅक्टरसोबत सुटता कामा नये. हुकाच्या पिनीत ढिलाई असते, म्हणून ट्रॅक्टर निघाल्यावर ट्रॉली एक फोटो उशिरा हलवा. थांबताना ती एक फोटो उशिरा थांबेल आणि ट्रॅक्टरला मागून 1 मिमी ढकलेल. वरचे घड मातीचे केले असतील तर ते ट्रॉलीच्याही नंतर एक फोटो डुलू द्या. ब्रेक लागला की नाक खाली जातं. त्यासाठी गाडीचं वरचं अंग चाकांच्या पट्टीवर सुटं ठेवा आणि दोन फोटोंपुरता मागच्या बाजूखाली दुमडलेला कागद सरकवा, मग काढून घ्या. सगळं हलणं एकाच फोटोत सुरू होऊन एकाच फोटोत संपलं, तर गाडी खेळण्यातलीच वाटणार.

फोटो जोडल्यावर उजेड लुकलुकतो. (भुसावळ)

खिडकीच्या उजेडात काम केलंत. 720 फोटो काढायला (एक मिनिट, सेकंदाला 12) दोन दिवस लागतात, तेवढ्यात ऊन कुठल्या कुठे जातं. खिडकीवर काळी चादर लावा आणि दोन्ही बाजूंना 45 अंशांवर एकसारखे दोन 9 वॉटचे एलईडी बल्ब ठेवा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये (जिथे सगळं हाताने ठरवता येतं) आयएसओ (उजेड टिपण्याची क्षमता) 100, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) आणि फोकस ठरवून टाका. ऑटोवर राहिलं तर लाल एसटी जवळ येताच मोबाइल रंग बदलतो. शटर (कॅमेऱ्यात उजेड येण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतो. शटर त्या तालात नसेल तर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा पडतो.

शेतातली मोटर सुरू झाली की बल्ब मंद होत असेल, तर दिवे इन्व्हर्टरवर घ्या. पांढरा सदरा घालून फोटो काढू नका, त्याचा उजेड टेबलावर पडतो. आणि मोबाइलला बोट लावू नका. बऱ्याच मोबाइलमध्ये इअरफोनच्या वायरवरचं आवाजाचं बटण दाबलं की फोटो निघतो.

आमच्या गाड्या अहिराणीत बोलणार आहेत. ओठ जुळत नाहीत. (शिरपूर)

फोटो आधी काढून आवाज नंतर घातला असणार. उलटं करा. आधी आवाज. पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर, तोंडापासून 15 ते 20 सेंमीवर, आणि बोलणाऱ्याने अंगावरून गोधडी ओढून घ्यायची. गोधडीत आवाज घुमत नाही. मग तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकून प्रत्येक अक्षर कितव्या सेकंदाला येतं ते वहीत लिहा आणि 12 ने गुणा. दीड सेकंदाला येणारं अक्षर म्हणजे अठरावा फोटो.

तोंडं सहा पुरतात: मिटलेलं (प, फ, ब, भ, म), उघडं आ, ताणलेलं ई-ए, गोल उ-ओ, खालच्या ओठावर दात (व), आणि बाकी सगळ्यांसाठी अर्धं उघडं. "मना टायर पंचर व्हई गया" हे दोन सेकंदांत म्हटलं तर 24 फोटो येतात. त्यात 'म' आणि 'पं' यांचं मिटलेलं तोंड चुकवायचं नाही, बाकी थोडं इकडेतिकडे चालतं. पाहणाऱ्याचं लक्ष ओठ मिटण्याकडेच असतं. मिटलेलं तोंड आवाजाच्या एक फोटो आधी लावा, ते जास्त खरं वाटतं.

घाईत बोलली जाणारी अहिराणी मोडून पुस्तकी करू नका. प्रत्येक अक्षराला तोंड बदलण्याचा अट्टहास सोडा, नाहीतर बंपर नुसता फडफडतो.

'कार्स'मधलं चमकणारं पॉलिश आपल्याला जमेल का? (जळगाव)

तसं नाही जमणार. चकचकीत पत्र्यात आजूबाजूचं सगळं उमटतं, ते संगणकाने मोजून काढायला एका फ्रेमला, म्हणजे सिनेमातल्या एका चित्राला, सरासरी 17 तास लागत होते, आणि सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. पुठ्ठ्यावर जिलेटिन कागद लावलात तर त्यात तुम्ही आणि मोबाइल दोघंही दिसाल. मॅट पोस्टर रंग लावा, फक्त बॉनेटच्या कडेला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा.

त्या सिनेमातलं गाव खरं आहे का? (पारोळा)

गाव काल्पनिक, पण ते ज्या रस्त्यावर दाखवलंय तो खरा. अमेरिकेचा 'रूट 66' 1926 मध्ये ठरला, शिकागो ते लॉस एंजेलिस, सुमारे 3,900 किलोमीटर. पुढे रुंद महामार्ग गावांच्या बाहेरून गेले आणि 1985 मध्ये जुन्या रस्त्याचा क्रमांकच काढून टाकला गेला. आपल्या सुरत–धुळे–जळगाव–नागपूर महामार्गाचा जुना क्रमांक 6, आता तो 53 आहे. बायपासने ट्रक बाहेरून जातात, एसटी मात्र अजून गावातल्या स्टँडवर येते. तुमच्या गोष्टीची सुरुवात तिथून करता येईल.

'कार्स'मधली लाल रेसिंग कार तशीच करून स्पर्धेत पाठवली तर चालेल? (अमळनेर)

घरी खेळायला करा, स्पर्धेला नको. त्या पात्राचे हक्क डिस्ने कंपनीकडे आहेत. स्पर्धेसाठी तुमच्या गल्लीतली काळी-पिवळी घ्या, तिची काचही चांगली रुंद असते.