डेथचं कार्ड आलं आणि झोप उडाली

हल्ली एक प्रश्न इतक्या वेळा येतो की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. "मॅडम, टॅरो, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य बघतात ते, शिकायला घेतलंय, नवीनच आहे, पण सारखी वाईट कार्ड्स येतात, डेथ येतं, टॉवर येतो, आता भीती वाटायला लागलीय, माझ्यामुळे घरात काही होईल का, सोडून देऊ का हे सगळं?" शब्द इकडचे तिकडे होतात पण मतलब हाच.

"काही होत नाही गं, वेडी आहेस का" असं म्हणून मोकळं होता येतं, पण तेवढ्याने कुणाची भीती गेलेली मी तरी बघितलेली नाही. त्यापेक्षा माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीची केस सांगते. तिला विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पंचविशीतली मुलगी, नोकरी करणारी, बोलायला एकदम चटपटीत. आली तेव्हा तक्रार झोपेची होती. पहिल्या सेशनमध्ये टॅरोचं नावही निघालं नाही, काम, मोबाइल, उशिरापर्यंत जागरण, सगळं झालं आणि वेळ संपल्यावर दारात उभी राहून म्हणाली, "एक सांगायचं राहिलं, पण तुम्ही हसाल." (खरी गोष्ट दारातच निघते, या कामात राहिलेल्या कुणालाही विचारा.) मी हसले नाही, तिला परत बसवलं.

झालं असं होतं की चार महिन्यांपूर्वी तिने हौस म्हणून ऑनलाइन कोर्स लावला. पहिले दोन महिने मजेत गेले, मैत्रिणींची रीडिंग्ज, हसणं खिदळणं. मग आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं, दुर्बिणीतून करतात ते, डॉक्टरांनी काळजी करू नका म्हणून सांगितलेलं. आदल्या रात्री हिने डेक, म्हणजे पत्त्यांचा कॅट, काढला, मनात विचारलं आई बरी होईल ना, आणि तीन कार्ड्स काढली. मधलं डेथ.

"मग काय केलंस?"

"परत काढली."

"आणि मग?"

"चांगली येईपर्यंत काढत राहिले."

किती वेळा ते तिने मोजलं होतं. अकरा.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, आई घरी आली. आता कुणालाही वाटेल की हिने म्हणायला हवं होतं, बघा, कार्ड खोटं ठरलं. पण भीती असं गणित करत नाही. हिच्या डोक्यात बसलं ते वेगळंच, की मी अकराव्या वेळेला चांगली कार्ड्स काढली म्हणून आई वाचली, दहाव्या वेळेला थांबले असते तर? झालं, तिथून पुढे रोज रात्री. भाऊ प्रवासाला निघाला की कार्ड्स, वडिलांना खोकला झाला की कार्ड्स, आणि आधी अर्धा तास जायचा तिथे आता दोन दोन तास जायला लागले, म्हणजे ती शिकत काहीच नव्हती, नुसती पहारा देत होती.

इथे माझी एक चूक सांगते कारण ती बरेच जण करतात, घरचे तर करतातच. मला वाटलं हुशार मुलगी आहे, हिला गणित दाखवू. दुसऱ्या सेशनला कागद घेऊन बसले. डेकमध्ये ७८ कार्ड्स, त्यातली २२ मेजर अर्काना (डेथ, टॉवर असली मोठी कार्ड्स) आणि ५६ मायनर. तीन कार्ड्स काढली तर त्यात डेथ असण्याची शक्यता २६ मध्ये १, म्हणजे रोज एकदा काढणाऱ्याला सरासरी महिन्याभरात एकदा तरी डेथ भेटणारच, त्यात संदेश वगैरे काही नाही. मग तिला विचारलं, तुझी भीतीची कार्ड्स कोणती? डेथ, टॉवर, डेव्हिल, थ्री ऑफ स्वॉर्ड्स, नाइन ऑफ स्वॉर्ड्स, टेन ऑफ स्वॉर्ड्स. सहा. वर तिला कोर्समध्ये शिकवलेलं की कार्ड उलटं आलं की अर्थ बिघडतो, त्यामुळे उलटं आलेलं प्रत्येक कार्डही तिच्या हिशोबात वाईटच. आता डेक नीट पिसलेला असेल तर प्रत्येक कार्ड उलटं यायची शक्यता निम्मी, म्हणजे तीनही सरळ यायची शक्यता ८ मध्ये १. त्यातून ती सहा वगळा. हिशोब केला तर हिच्या नियमाने "स्वच्छ" डाव पडायची शक्यता साधारण १० मध्ये १. म्हणजे चांगली कार्ड्स येईपर्यंत काढायचं म्हटलं तर सरासरी दहा वेळा पिसावं लागणारच होतं! अकरा वेळा लागले त्यात नवल काहीच नव्हतं, खेळाचे नियमच असे लावलेले की नऊ वेळा हरायचं.

ती हसली, खूप हलकं वाटलं म्हणाली, मी पण खूश. चार दिवसांनी मेसेज, "मॅडम, २६ मध्ये १ म्हणालात ना, या आठवड्यात डेथ दोनदा आलं, म्हणजे आता हे नॉर्मल नाही ना?"

मी कपाळावर हात मारला. सरासरी म्हणजे घड्याळाचे ठोके नव्हेत, दोनदा येऊ शकतं आणि दोन महिने येणारही नाही, हे मी लिहून पाठवणारच होते, आणि मग लक्षात आलं की मी काय करतेय. तिने दिलासा मागितला, मी दिला, तो चार दिवस पुरला, आता ती नवीन मागतेय. म्हणजे मी तिचं बारावं कार्ड झाले होते. खाज सुटली की खाजवल्यावर बरं वाटतं, पण खाज वाढते ती त्यानेच, आणि दिलाशाचं तसंच आहे मग तो कार्डाने दिलेला असो, गूगलने, आईने नाहीतर समुपदेशकाने. तिला लिहिलं, "याचं उत्तर मी मुद्दाम देत नाहीये, भेटल्यावर का ते सांगते." ती चिडली. चिडणारच.

पुढच्या भेटीत आधी दुसरीच गाठ सोडवावी लागली. तिला कुणीतरी सांगितलेलं की ही इजिप्तची प्राचीन विद्या आहे, एकदा हातात घेतली की मध्येच सोडायची नसते, कार्ड्सचा अपमान केला तर ती उलटतात. म्हणजे काढली तरी भीती आणि नाही काढली तरी भीती, इकडे आड तिकडे विहीर. यात दिलासा देण्यासारखं काही नव्हतं, माहिती मात्र चुकीची होती, ती मी सरळ दुरुस्त केली. टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले ते खेळायला, आपण पत्ते कुटतो तसेच. भविष्य सांगायला त्यांचा वापर जोर धरू लागला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. कोर्त द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसाने १७८१ मध्ये लिहिलं की हे इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे, आणि गंमत अशी की इजिप्तची चित्रलिपी वाचता यायला लागली ती शाम्पोलियों या फ्रेंच अभ्यासकामुळे, १८२२ मध्ये. म्हणजे लिपी कुणाला वाचता येत नव्हती तेव्हाच हे ठरवून झालं होतं.

आणि तिच्या हातातला डेक, नवशिके बहुतेक जण ज्यावर शिकतात तो, रायडर वेट, तो १९०९ चा. कल्पना आर्थर वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिने एका पत्रात लिहून ठेवलंय, म्हणजे फ्रीलान्सरची रड तेव्हाही तीच. मग या मुलीला म्हटलं डेक काढ आणि खालच्या कोपऱ्यात बघ. बहुतेक कार्ड्सवर एक वळणदार, वेलांटीसारखी सही आहे. चार महिने रोज तीच कार्ड्स हाताळत होती पण ती सही तिने कधी बघितलीच नव्हती. बराच वेळ ती एकेक कार्ड उलटसुलट करून सही शोधत बसली आणि म्हणाली, "म्हणजे हे कुणीतरी टेबलावर बसून काढलंय." हो बाई, टेबलावर बसूनच.

"पण मग जुळतं कसं?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं, किती जुळतं ते पाचपैकी मार्क देऊन सांगा म्हणाला. सरासरी ४.२६ आली. मग कळलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. वाक्य ढोबळ असलं की बाकीचं आपण भरतो. आता मला यात कार्ड्सची फसवणूक दिसत नाही, आपण भरतो ते आपलं असतं, तेवढ्यापुरती कार्ड्स कामाचीच आहेत. मी स्वतः मानत नाही की त्यात उद्या दिसतो. पण समोरच्याच्या मनात आज काय चाललंय ते चित्रातून बाहेर येतं हे मी खूपदा बघितलंय. त्यामुळे डेक फेकून दे असं मी तिला म्हटलं नाही. शिवाय फेकायला लावला असता तर ती भीती तशीच गाठोड्यात बांधून राहिली असती, उद्या कार्ड्सऐवजी गाड्यांचे नंबर बघितले असते.

मग खरं काम. पहिलं, एकदाच काढायचं, परत नाही, जे येईल ते. दुसरं, "होईल का" हा प्रश्न बंद, त्याचं उत्तर कार्ड देऊच शकत नाही आणि म्हणून तो परत परत विचारावासा वाटतो. त्याऐवजी "मला यात कशाची काळजी वाटतेय" किंवा "मी काय करू शकते" असं विचारायचं. आई, भाऊ, वडील यांच्याबद्दल काही काढायचं नाही. पुस्तक, ॲप बाजूला, कार्ड समोर ठेवून पाच मिनिटं फक्त चित्रात काय दिसतं ते वहीत लिहायचं, अर्थ नाही. आणि रात्री जेवणानंतर डेक खोक्यात. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्या आठवड्यात तिला हे इतकं जड गेलं की एकदा टॉवर आल्यावर परत न काढता बसून राहिली तर हात घामाने ओले, छातीत धडधड. मी आधीच सांगून ठेवलेलं की भीती चढेल, काहीच केलं नाही तरी ती आपली आपण उतरते, तू फक्त किती वेळ लागला ते लिही. तिने लिहिलं, पहिल्या दिवशी पन्नास मिनिटं, आठव्या दिवशी वीस.

तिसऱ्या आठवड्यात सेशनमध्येच कार्ड काढायला सांगितलं. आलं नाइन ऑफ स्वॉर्ड्स. तिचा चेहरा पडला, म्हणाली हे मला बघवतच नाही. म्हटलं बघू नको, वाचून दाखव मला, मी आंधळी आहे असं समज. ती हळूहळू सांगायला लागली. रात्र आहे. एक बाई अंथरुणात उठून बसलीय, तोंड हातात धरलंय. मागे काळ्या भिंतीवर नऊ तलवारी, आडव्या. गोधडीवर गुलाब आहेत, मध्ये मध्ये राशींची चिन्हं. पलंगाच्या फळीवर कोरीव काम आहे, दोन माणसांची मारामारी. मग थांबली. परत बघितलं.

"हिला एकही लागली नाहीये."

"काय?"

"तलवार. सगळ्या भिंतीवरच आहेत. मला वाटायचं हिच्या अंगात घुसल्यात."

मी काही बोलले नाही. अंगात घुसलेल्या तलवारींचं कार्ड वेगळं, ते टेन. रोज रात्री दोन दोन तास जागून हिने हे कार्ड किती वेळा परत पिशवीत कोंबलं असेल, बघितलं मात्र आत्ता. रात्री दोन वाजता अंथरुणात बसलेली बाई म्हणजे कोण ते मी सांगायची गरज नव्हती, तिनेच सांगितलं, आणि मग कार्ड्स राहिली बाजूला आणि आम्ही पहिल्यांदा आईबद्दल बोललो. वडिलांचा स्वभाव, घरात सगळं आईच बघते, ती नसेल तर काय, हे ती कुणाशीच बोलली नव्हती. बोलायचं होतं हे आणि विचारत बसली होती ७८ चित्रांना.

सगळ्यांचं इतक्यात निभावतं असं नाही. परत परत काढल्याशिवाय राहवतच नाही, रोज तासभर तरी त्यात जातोय, कामावर, झोपेवर परिणाम होतोय, आणि कार्ड्स सोडून बाकी ठिकाणीही तेच, म्हणजे कुलूप दहादा बघणं, हात परत परत धुणं, मनात ठरावीक शब्द म्हटल्याशिवाय पुढे न जाणं, तर ते ओसीडी (मंत्रचळ) असू शकतं आणि त्यासाठी मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायला हवं, त्यावर चांगले उपचार आहेत. आणि आजार, औषध, पैसे यांचे निर्णय कार्ड काढून घ्यायचे नाहीत, नवशिक्याने नाही आणि वीस वर्षं शिकलेल्यानेही नाही.

तर सोडायचं का शिकणं? हिने सोडलं नाही. सध्या चार गटांतल्या पेज, नाइट, क्वीन, किंग या मंडळींत अडकलीय, सोळा जणांचे चेहरे लक्षात राहत नाहीत म्हणते, म्हणजे अखेर सगळ्या शिकणाऱ्यांची असते ती साधी कटकट तिची सुरू झाली.

गेल्या महिन्यात मेसेज आला. आईला रात्री ताप भरला आणि हिने डेक काढला, पाच वेळा काढला. "सॉरी मॅडम."

सॉरी कशाला, म्हटलं, सहाव्यांदा काय केलंस?

"पिसली आणि खोक्यात ठेवली. आईला पॅरासिटामॉल दिली. मग पाऊण तास झोप नाही लागली, मग लागली."