लॉगिन न मागता परत येणाऱ्या व्हिजिटरला पॉइंट्स देता येतात का?

देता येतात, पण ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. बरेच जण काय करतात, भेटींचा आकडा लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे व्हिजिटरच्याच ब्राउझरमधल्या साठवणीच्या जागेत, लिहून ठेवतात, मग आयफोनवाला दहा-बारा दिवसांनी येतो आणि त्याचे पॉइंट्स शून्य! कारण आयफोनचा ब्राउझर सफारी २०२० पासून असा डेटा आपणहून पुसते, सात दिवस ब्राउझर वापरला पण तुमच्या साईटला हात लावला नाही की गेला. इनकॉग्निटोमध्ये तर विंडो बंद केली की सगळं साफ.

आणि यावर उपाय म्हणून कोणी फिंगरप्रिंटिंग सुचवलं, म्हणजे स्क्रीनचा साईज, फॉन्ट, टाइमझोन वगैरे जुळवून माणूस ओळखायचा, तर प्लीज नको. ज्याने मुद्दाम कुकीज (साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) पुसल्या त्याला मागच्या दाराने पकडण्यासारखंच आहे ते. शिवाय युरोपातले व्हिजिटर असतील तर त्यासाठीही परवानगी लागते, कुकी नाही म्हणून सुटका होत नाही.

मी असतो तर सरळ एक कोड दिला असता. पहिल्या भेटीत "हा कोड जपून ठेवा, पुढच्या वेळी टाका", सर्व्हरवर फक्त कोड आणि पॉइंट्स, नाव नाही की ईमेल नाही. फक्त कोड लांब आणि रँडम ठेवा, १००१, १००२ असा दिलात तर शेजारच्याचे पॉइंट्स कोणीही उडवेल. कोड हरवला तर पॉइंट्स गेले, हे तिथेच लिहून टाका. आणि हो, नुसत्या भेटीला पॉइंट देऊ नका, लोक रिफ्रेश मारत बसतात.