पाडव्याची खूण

प्रश्न : माझा मुलगा जानेवारी 2011 चा, यंदा नववीत गेला. वर्गात सगळ्यात बुटका. आवाज फुटलेला नाही, मिशीची लव नाही, बाकीही सगळं अजून लहान मुलासारखंच आहे. वर्गातली मुलं त्याला ‘ए पाचवी’ अशी हाक मारतात. पोहायला जाणं त्यानं बंद केलंय. दिरांनी सांगितलं म्हणून लॅबचं हार्मोन पॅकेज केलं. त्यात ग्रोथ हार्मोन 0.1 आलं. म्हणजे नाहीच म्हणायचं, रोजची इंजेक्शनं सुरू करा, असं ते म्हणतात. सासूबाई मात्र निवांत. त्या दर पाडव्याला दाराच्या चौकटीवर नातवाची उंची पेन्सिलीनं मांडतात : 2022 ला 130 सेंटीमीटर, मग 134.5, मग 139.5, यंदा 144. ह्यांची उंची 168, माझी 154. ‘त्याचा बापही असाच होता’ हे सासूबाईंचं पालुपद. त्यांच्या बोलण्यावर किती विसंबायचं?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, त्या पॅकेजपेक्षा सासूबाईंची चौकट माझ्या जास्त कामाची आहे. तिला रंग देऊ नका.

आधी तो 0.1 चा आकडा. ग्रोथ हार्मोन दिवसभर एकसारखं झिरपत नसतं. ते थांबून थांबून उसळ्या घेत रक्तात येतं, आणि मोठ्या उसळ्या रात्री गाढ झोपेत. मधल्या वेळात धडधाकट मुलाच्या रक्तातही ते नसल्यासारखंच असतं. नळाला चार दिवसांआड पाणी येतं, म्हणून मधल्या दिवशी तोटी सोडून बघायची आणि धरण आटलं म्हणायचं, तसं हे झालं. खरी तपासणी करायची तर औषध देऊन हे हार्मोन सोडणाऱ्या ग्रंथीला डिवचावं लागतं आणि दोनेक तासांत चार-पाच वेळा रक्त घ्यावं लागतं. तीही वयात न आलेल्या मोठ्या मुलांत फसवते. आधी काही दिवस सेक्स हार्मोनची तयारी दिली नाही, तर चांगल्या मुलाचा रिपोर्टही ‘कमी’ येतो. पॅकेजमध्ये ही चाचणी घालणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे छापता येणार नाही.

आता चौकट. तीन वर्षांत वाढ 4.5, 5 आणि 4.5. चार वर्षांचं झाल्यापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, आणि वयात येण्याच्या ऐन तोंडावर हा वेग थोडा मंदावतो. म्हणजे तुमचा मुलगा थांबलेला नाही, त्याची गाडी पॅसेंजर आहे एवढंच. हेच आकडे 4.5, 3, 1.5 असे असते, तर मी तुम्हाला याच आठवड्यात मिरजेला बोलावलं असतं. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 साली 5 ते 18 वर्षांच्या मुलांचे वाढीचे तक्ते काढले. त्यावर त्याचा ठिपका तळाच्या रेषेजवळ पडतो, पण मी ठिपका बघून घाबरत नाही, ठिपके कुठल्या वाटेनं चाललेत ते बघते. आई-बापांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर त्यात 13 मिळवायचे, आणि निम्मे करायचे : तुमच्या घरचा हिशेब 167.5 येतो. सात-आठ सेंटीमीटर इकडेतिकडे.

आणि ‘बापही असाच होता’ हे पालुपद नव्हे, ही केसची हिस्टरी आहे. यजमानांचा दहावीचा फोटो शोधा. पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेत का? दाढी बारावीनंतर आली का? स्वतःचंही आठवून बघा, पाळी उशिरा, पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू झाली होती का? उशिरा वयात येणं घराण्यात चालतं. आम्ही ज्याला कॉन्स्टिट्यूशनल डिले म्हणतो, तो बहुधा असाच वारशानं येतो.

बहुधा म्हटलं, कारण पत्रावरून शिक्का मारायचा नसतो. चौदा पूर्ण झाल्यावरही वृषण वाढायला लागले नसतील, तर एकदा तपासून घेतलंच पाहिजे. आमच्याकडे त्यासाठी बारा मण्यांची एक माळ असते, 1 पासून 25 मिलिलिटरपर्यंत. वृषणाचा आकार चारच्या मण्याशी जुळला की वयात येणं सुरू झालं. मिशी आणि आवाज नंतरचे. अनेकदा आई रडत येते आणि चारचा मणी आधीच जुळलेला असतो. तपासताना तुम्ही बाहेर बसा, मुलगा आणि वडील आत येऊ देत.

डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढा. त्यावरून हाडांचं वय कळतं. ते बारा आलं, तर बरोबरीच्या मुलांपेक्षा त्याच्या हाडांना वाढायला दोन वर्षं जास्त शिल्लक आहेत, असं समजा. सोबत हिमोग्लोबिन, ईएसआर, थायरॉइड, क्रिएटिनिन आणि गव्हाच्या अ‍ॅलर्जीची म्हणतात ती सीलिअ‍ॅकची तपासणी. बास. डोकेदुखी, कमी दिसणं, सारखी तहान आणि लघवी, यांतलं काही आहे का, ते सांगा. आणि एक घरगुती परीक्षा : डोळे मिटून बसवा आणि हिंगाची फोडणी द्या. वास येत नसेल तर मला आवर्जून कळवा. मेंदूतून वयात येण्याचा हुकूम सोडणाऱ्या पेशी गर्भात असताना वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेनंच आत जातात. काही मुलांत ती वाटच चुकलेली असते, आणि तिथे नुसतं थांबून भागत नाही.

ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं या मुलाला नकोत. ज्याला खरी कमतरता आहे, त्याला ती वर्षानुवर्षं, बहुतेक रोज रात्री घ्यावी लागतात आणि खर्च कंबरडं मोडणारा असतो. डबा भरून येणाऱ्या चॉकलेटी पावडरी आणि दांड्याला लोंबकळणं यांनी उंची वाढत नाही.

पण पोहणं बंद केलंय, हे मला खुपलं. ‘होईल सगळं’ एवढं म्हणून अशा मुलाला घरी पाठवू नये. सगळं तपासून डिलेच ठरला आणि मुलगा मनातून खचत असेल, तर टेस्टोस्टेरॉनची कमी डोसची इंजेक्शनं, महिन्याला एक, तीन ते सहा महिने देता येतात. त्यानं सुरुवातीला धक्का मिळतो, मग शरीर आपलं आपण पुढे जातं. डोस मात्र बालहार्मोनतज्ज्ञानंच ठरवायचा. तो जास्त झाला तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची कायमची अडते. हवं की नको, हे मुलाला विचारा, दिरांना नव्हे.

सासूबाईंना नमस्कार. खूण करताना पाय अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर जाड पुस्तक आडवं, आणि वेळ दरवर्षी तीच. संध्याकाळपर्यंत माणूस थोडा खाली बसतो.

प्रश्न : मुलगी सात वर्षं चार महिन्यांची. डाव्या बाजूला छातीत गाठ लागते, दुखते. आई म्हणते, पिशवीचं दूध आणि ब्रॉयलर चिकन बंद कर.
— वाचक, डोंबिवली

उत्तर : दूध चालू ठेवा. दुभत्या जनावरांना ऑक्सिटोसिन टोचतात, हे वाईटच. पण ते पोटात गेलं तर पचून जातं, त्यानं कुणी वयात येत नाही. ब्रॉयलर कोंबडी झपाट्यानं वाढते ती जातीमुळे आणि खाद्यामुळे. मुलीचं वजन वाढलंय का, ते मात्र बघा, त्याचा संबंध असतो.

गाठ म्हणजे बहुधा स्तनाची कळी. एका बाजूनं सुरू होणं नेहमीचंच आहे. दाबून बघू नका, शेकू नका. मात्र आठ वर्षांच्या आत आली, म्हणून दाखवायला हवं. नुसती कळी असेल आणि ती तिथेच थांबली, तर आम्ही दर तीन-चार महिन्यांनी उंची मोजत राहतो. वर्षभरात उंची सरसर वाढली असेल, हाडांचं वय पुढे पळालं असेल, तर महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनांनी घड्याळ थांबवता येतं. योग्य वेळी ती बंद केली की सगळं पुन्हा सुरू होतं, पाळीही येते.

येताना शाळेच्या आरोग्य तपासणीचं कार्ड आणा, त्यावर मागच्या उंच्या असतात. आणि एक्स-रेची फिल्म आणा, नुसता रिपोर्ट नको.