नागरिकांचे प्रश्न : तक्रार करायची तर नेमकी करा

प्रश्न : रात्री साडेआठला आमच्याकडे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र जेवायला बसतात आणि त्याच वेळी मालिकेत विषप्रयोग, शिवीगाळ, अंगविक्षेप सुरू असतात. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला दोनदा ईमेल केली, उत्तर नाही. जुन्या वळणाच्या माणसांचे कोणी ऐकतच नाही का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

जुन्या वळणाचा इथे काही संबंध नाही. तुमची तक्रार पहिल्या दोन पायऱ्या सोडून थेट तिसऱ्या पायरीवर गेली, म्हणून ती पडून राहिली. जून 2021 मध्ये केबल टीव्ही नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. पहिली तक्रार वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. त्याचे नाव आणि ईमेल वाहिनीच्या संकेतस्थळावर असावे लागते. पोच 24 तासांत मिळायला हवी आणि निर्णय 15 दिवसांत. निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर पुढच्या 15 दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच स्वतःवर देखरेखीसाठी स्थापलेल्या संस्थेची) सदस्य आहे तिच्याकडे अपील करायचे. तिला 60 दिवस असतात. तिथेही समाधान झाले नाही तर 15 दिवसांत केंद्र सरकारकडे जाता येते.

अनेक तक्रारी बारगळतात त्या मधल्या पायरीवर. एक तर पंधरा दिवसांची मुदत हुकते, नाहीतर संस्था चुकते. मनोरंजन वाहिन्यांसाठी बीसीसीसी (ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल) आहे, वृत्तवाहिन्यांसाठी एनबीडीएसए (न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी). मात्र प्रत्येक वृत्तवाहिनी एनबीडीएसएच्या कक्षेत नाही, काहींनी वेगळी संस्था निवडली आहे. म्हणून पहिल्याच पत्रात विचारून ठेवा, ‘आपली वाहिनी कोणत्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे?’

आता तक्रारीचा मजकूर. ‘आजकालच्या मालिका संस्कृती बुडवत आहेत’ हे वाक्य मनापासूनचे असेल, पण त्यावर कोणालाच निर्णय देता येत नाही. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ मिनिटांपर्यंत, पडद्यावर नेमके काय दिसले किंवा कोणते वाक्य ऐकू आले, आणि कोणता नियम मोडला, एवढे हवे. नियम म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, 1994 मधला नियम 6. सुरुचीला आणि सभ्यतेला बाधा 6(1)(ए) मध्ये येते, धर्मावर किंवा समाजावर हल्ला 6(1)(सी) मध्ये, अश्लील मजकूर किंवा अर्धसत्य 6(1)(डी) मध्ये. तुमच्या प्रश्नाला सगळ्यांत चपखल बसतो तो 6(5) : मुले मोठ्या संख्येने टीव्ही पाहतात त्या वेळी त्यांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत. बीसीसीसीच्या वर्गवारीत ‘आर’ (रिस्ट्रिक्टेड, म्हणजे मुलांसाठी नसलेल्या) गटाच्या मजकुराला रात्री 11 ते पहाटे 5 हीच वेळ आहे, त्याचाही आधार घ्या.

नमुना असा : ‘दि. ___ रोजी रात्री 8.42 ते 8.45 या वेळेत ___ मालिकेत ___ हे दृश्य दाखवले. ही मुलांच्या पाहण्याची वेळ असल्याने नियम 6(5) चा भंग होतो. हा मजकूर रात्री 11 नंतर न्यावा किंवा वगळावा आणि निर्णय लेखी कळवावा.’ एका पत्रात एकच प्रसंग घ्या. सात प्रसंग एकत्र लिहिले की वाहिनी त्यातल्या सर्वांत कच्च्या मुद्द्यावर उत्तर देते आणि प्रकरण मिटवते. सोसायटीतल्या चाळीस जणांनी तोच मजकूर चिकटवून पाठवण्यापेक्षा चौघांनी आपापल्या शब्दांत लिहिलेले बरे. प्रसारणाची नोंद वाहिनीला 90 दिवस ठेवावी लागते, तेव्हा ‘असे काही दाखवलेच नाही’ असे उत्तर आले तर मूळ चित्रफीत तपासण्याची मागणी करा.

हाती काय लागते? समज, ताशेरे, पडद्यावर माफी, दृश्यात बदल. बंदी सहसा नाही, आणि आमच्या मते ती मागूही नये. सरकारच्या हाती कात्री देताना पाच वर्षांनी ती कोणाच्या हाती जाईल हे कोणालाच ठाऊक नसते. जेवणाची वेळ राखून मागणे जास्त रास्त आहे आणि ते पदरातही पडते.

प्रश्न : हीच पद्धत ओटीटीला लागू आहे का? (वाचक, डोंबिवली)

कागदावर जवळजवळ हीच, 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार. पण त्यातील 9(1) आणि 9(3) या उपनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये अंतरिम स्थगिती दिली आणि तीन पायऱ्यांची रचना नेमकी 9(3) मध्येच आहे. मोठ्या कंपन्यांनी तक्रार अधिकारी नेमलेले आहेत, त्यांना जरूर लिहा, पण भिस्त पालक-कुलपावर (पॅरेंटल लॉकवर) ठेवा. मुलांचे प्रोफाइल वेगळे करून भागत नाही. मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावा, नाहीतर मूल एका बोटाने तिकडे जाते.

प्रश्न : ‘यूए 16+’ चित्रपटाला बारा वर्षांच्या मुलाला सोडले. थिएटरवर कारवाई होईल का? (पालक, नाशिक)

नाही. 2023 च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’चे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले, पण ते पालकांना दिलेले मार्गदर्शन आहे. वय पाहून दारावर अडवण्याचे बंधन फक्त ‘ए’ला आहे, तिथे अठरा वर्षांखालील कोणालाही सोडता येत नाही. ‘यूए’बाबत निर्णय आईवडिलांचा, आणि तो त्यांचाच असावा.

प्रश्न : आम्ही सण मानणारी माणसे. पण मंडळाच्या डीजेने वडिलांना झोप नाही. तक्रार केली तर ‘धर्माच्या विरोधात’ म्हणतात. (वाचक, पिंपरी)

आरती, लेझीम, टाळमृदंग ही परंपरा आहे. स्पीकरची भिंत ही परंपरा नाही, आणि हे परंपरा मानणाऱ्यांनीच ठणकावून सांगायला हवे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही आणि तक्रारदाराची ओळख न मागता पोलिसांनी कारवाई करावी. नियम देवळाला, मशिदीला, लग्नाच्या वरातीला आणि राजकीय सभेला एकच आहे. आपणही तक्रार करताना माणसे पाहून करू नये, नाहीतर बोलण्याचा अधिकार उरत नाही.

निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकते. त्या दिवसांची यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून आधीच घेऊन ठेवा, कारण सूट दिलेल्या दिवशी 10.30 ला केवळ वेळेवरून केलेली तक्रार फुकट जाते आणि पुढच्या खऱ्या तक्रारीकडेही मग दुर्लक्ष होते.

आवाज सुरू असतानाच 112 ला फोन करा आणि मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवा. घराच्या खिडकीतून दोन मिनिटांचे चित्रण करा, त्यात घड्याळ दिसू द्या. मोबाइलमधल्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकेलच असे नाही, अंदाजापुरता ठीक. अधिकृत यंत्राने मोजणी करण्याची मागणी करा. डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट, त्यामुळे ‘थोडाच जास्त आहे’ हे उत्तर मान्य करू नका. दुसऱ्या दिवशी नोंद क्रमांक घालून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. केवळ फोनवर थांबलात तर कागद तयार होत नाही.

प्रश्न : ग्रुपवर शासन निर्णय फिरतात. खरा कोणता? (ज्येष्ठ नागरिक, अकोला)

खऱ्या जीआरच्या शेवटी संकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरीचा उल्लेख असतो. संकेतांकाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी होते. ती वरच्या तारखेशी जुळते का पाहा, मग शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर शोधा. पण खरा असणे पुरेसे नाही. पहिलीपासून तिसऱ्या भाषेबाबतचे 16 एप्रिल आणि 17 जून 2025 चे निर्णय अस्सल होते, मात्र 29 जूनला ते रद्द केल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. ते कोणी आजही पुढे पाठवले तर कागद खरा आणि बातमी खोटी ठरते. विषय टाकून त्यानंतरचा निर्णय आहे का, हे बघायलाच हवे.

प्रश्न : वर्षानुवर्षे एकाच पक्षाला मत दिले. यंदाचा उमेदवार पटत नाही. नोटा दाबू का? (वाचक, कोल्हापूर)

आधी त्याचे नमुना 26 चे शपथपत्र वाचा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळते. त्यात गुन्हे, स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जे, सरकारी थकबाकी, पाच वर्षांचे प्राप्तिकरातील उत्पन्न असते. आधीची निवडणूक लढवली असेल तर दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवा. मालमत्ता वाढली आणि उत्पन्न तेवढेच, असे दिसले तर प्रचारसभेत तोच प्रश्न विचारा.

विधानसभेला आणि लोकसभेला नोटाने निकाल बदलत नाही. नोटाला सर्वाधिक मते मिळाली तरी उमेदवारांतला पहिला निवडून येतो. महाराष्ट्रातील नगरपालिका-महापालिकांत मात्र राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर 2018 च्या आदेशानुसार नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक होते. म्हणून नगरपालिकेला नोटाचा विचार करा. विधानसभेला, उभ्या असलेल्यांत चारित्र्याने त्यातल्या त्यात बरा कोण, हे ठरवून मत द्या. आणि तारीख जाहीर होण्याआधी यादीतले नाव पाहा. पत्ता बदलला असेल तर नमुना 8 भरायचा असतो. नमुना 6 नव्या मतदारासाठी आहे. तो भरला तर दुबार नाव दिसते आणि कधी कधी दोन्ही नोंदी वगळण्याच्या यादीत जातात.