आठ गुंठ्यांचं मैदान आहे, त्यात घोड्याला जंपिंगचा कोणता सराव देता येईल?

तुम्ही लिहिलंय की सांगलीजवळ 20 बाय 40 मीटरची जागा आहे, घोडा जंपिंगला लावायचाय, तर अडथळे किती उंच आणि कुठं मांडावेत. उंचीचं आधी विचारलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी इथं नुसता वाचतो.

माझं मैदान कोरेगावच्या बाजूला, अगदी तेवढंच. तीन बाजूंना ऊस, चौथीकडं पागा. 2018 च्या एशियाडमध्ये फवाद मिर्झाला इव्हेंटिंगची (म्हणजे ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि जंपिंग अशा तिहेरी घोडेस्वारी स्पर्धेची) दोन रौप्यं मिळाली आणि आमच्या दाजींच्या अंगात आलं. दाजींना घोड्यातलं कळत नाही असं नाही, पण ते सगळं घोडागाडीच्या शर्यतीतलं. घोडी माझी, रेसकोर्सवरून निवृत्त झालेली तांबडी. वळायचं नाव नाही, समोर मोकळं दिसलं की कानात वारं.

दाजींनी पहिल्याच आठवड्यात साडेतीन फुटांवर वासा चढवला, तोही मैदानाच्या टोकाला. का, तर लांब धाव मिळावी. तांबडीचा पाय लागून वासा सारखा खाली यायचा. दाजी वैतागले आणि त्यांनी तो बायंडिंगच्या तारेनं खांबाला आवळला. पुढच्या फेरीला पाय लागला, वासा हलला नाही, घोडी गुडघ्यांवर आली आणि मी तिच्या डोक्यावरून उसात. खांद्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. दाजी आजही चार माणसांत सांगतात, "हा मागं रेलला नाही म्हणून पडला." अहो, उडीच्या वेळी मागं रेलणं इटलीच्या घोडदळातल्या कॅप्रिलीनं (1868–1907) कधीच मोडीत काढलंय.

हात गळ्यात असताना मी फक्त हिशोब केला. कँटर म्हणजे दुडकी आणि भरधाव यांच्या मधली चाल, तिची एक ढांग साडेतीन मीटरच्या आसपास. 40 मीटरमधून दोन्ही टोकांच्या वळणांचे दहा-दहा काढले की उरतात वीस. दाजींचा अडथळा त्या वळणातच उभा होता. म्हणजे घोडी उडी मारून उतरली असती तरी दुसऱ्या ढांगेला उसात.

नंतर दीड महिना एकही उडी घेतली नाही. 18 मीटरचं वर्तुळ आखलं, घड्याळातल्या बारा, तीन, सहा, नऊवर चार वासे जमिनीवर ठेवले. दुडकीत, मग कँटरमध्ये. प्रत्येक दोन वाशांमध्ये ढांगा मोजायच्या आणि चारही ठिकाणी सारख्याच आल्या पाहिजेत. दिसायला पोरखेळ, पण तांबडी ज्या दिवशी लगाम न ओढता सारखी चालली त्या दिवशी मी मोतद्दाराला पेढे दिले.

मग मधोमध एकच फुली, म्हणजे दोन वासे आडवेतिडवे, मध्याला फूटभर उंच. तिच्यावरून आठचा आकडा. उडीतच पुढच्या वळणाकडं बघायचं, घोडा त्याच बाजूचा पाय पुढं टाकून उतरायला शिकतो. जागा लहान असल्याचा इथं फायदाच होतो, लगेच वळावंच लागतं. ते बसलं की बाउन्स: तीन मीटरवर दोन अडथळे, मध्ये ढांग नाही, उतरला की लगेच उठायचं. दुडकीतून येणार असाल तर पहिल्याच्या अलीकडं नऊ फुटांवर एक वासा जमिनीवर टाका. दोन फुटांच्या वर जाऊ नका. साडेतीन फुटांनी जे कधी झालं नाही ते यानं झालं, तांबडी पाठ गोल करून उडायला लागली.

वासे गोल आणि जड घ्या. बांबू नको, फुटला की भाल्यासारखा होतो. आणि वासा पडलाच पाहिजे, खाचेत नुसता टेकवा.

हे आधी सांगायला हवं होतं: काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल, दोन्हींत उडी नको. वर मुरूम-वाळूचा थर द्या. आठवड्यातून दोनदाच उड्या, हेल्मेटशिवाय अजिबात नाही. घोडा चार वर्षांच्या आतला असेल तर यातलं फक्त जमिनीवरच्या वाशांचं करा, तेही दुडकीत.

आणि दाजी, मेहुण्याचं म्हणून वाचत असाल तर, ती तार मी टाकलेली नाही. पागेत खोगिराच्या खुंटीला आहे, पीळ तुमच्याच हातचा.