अ‍ॅम्प घ्यायचा का? आधी कार्डाचं बघू भाऊ

भाऊ, तुझा मेसेज दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो, तू भुसावळला घरीच राहतो, रोज रेल्वेने जळगावला अपडाऊन, हातात पगार २६,०००, क्रेडिट कार्डावर १८,४०० थकलेले आणि त्यावर दर महिन्याला हजार भरतो, बँकेत ३०,००० ची एफडी आहे तिला हात लावायचा नाही असं ठरवलंय, आणि हेडफोनचा आवाज खरखरतो, दबलेला येतो म्हणून आता १३,५०० चा पोर्टेबल हेडफोन अ‍ॅम्प, म्हणजे हेडफोनला जास्त ताकद देणारी डबी, नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचाय, ६ महिने २,२५० चा हप्ता. "पगारात बसतंय, मग घेऊ का?"

बसतंय की. २६ हजारात सव्वादोन हजार कुठेही बसतात, तो प्रश्नच नाही. मला खटकलं ते वेगळंच, आणि ते तू एका ओळीत उरकून टाकलंस.

तुझ्या स्टेटमेंटवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज लिहिलंय म्हणतोस. १८,४०० वर साडेतीन टक्के म्हणजे ६४४, त्यावर १८ टक्के जीएसटी ११६, झाले ७६०. तू भरतो हजार, म्हणजे मुद्दलातून फक्त २४० गेले. व्याजच भरून राहिला भो, आणि वाटतंय कर्ज फिटतंय. वरून थकबाकी असली की नव्या खरेदीला ते ४५-५० दिवसांचं बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू. अ‍ॅम्पचा हप्ताही याच कार्डाच्या बिलात येणार, बिल तू पूर्ण भरत नाहीस, मग न भरलेला हप्ता पण त्याच व्याजाच्या खड्ड्यात.

आणि नो कॉस्टचं पण ऐकून घे. बँक व्याज लावतेच, दुकानदार तेवढी सूट आधीच देऊन टाकतो म्हणून ते दिसत नाही. पण त्या व्याजावरचा जीएसटी तुझ्याकडूनच जातो, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. तुझ्या रकमेवर दोन्ही मिळून साधारण साडेतीनशे रुपये धर. फार नाही, पण नो कॉस्ट पण नाही.

आता अ‍ॅम्पकडे येऊ, कारण मला स्वतःला हा नाद आहे आणि नुसतं "घेऊ नको" म्हणून तू ऐकणार नाहीस हे पण माहीत आहे. तुझा हेडफोन ३२ ओहमचा, म्हणजे विजेला अडथळा कमी, आणि डब्यावर १०२ डेसिबल प्रति मिलिवॅट लिहिलंय. म्हणजे १ मिलिवॅट दिला की १०२ डेसिबल, आणि एवढाच आवाज कानाला फार मोठा होतो. फोनच्या चार्जिंगच्या जागी लागणारा साधा यूएसबी सी डोंगल, ज्याच्यात बारीकसा डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारा) आणि अ‍ॅम्प आतच असतो, तो १ व्होल्ट देत असेल तर ३२ ओहमवर साधारण ३१ मिलिवॅट होतात, म्हणजे वर अजून १५ डेसिबल, ११७. एवढं कोण ऐकणार? तीस फुटावर पाणी असलेल्या विहिरीवर साडेसातची मोटर बसवण्यातला प्रकार आहे हा. मोठा अ‍ॅम्प लागतो तो ३०० ओहमच्या हेडफोनला, सेनहायजर एचडी ६५० सारख्या, त्याला व्होल्टेज जास्त पाहिजे. तसा हेडफोन तुझ्याकडे नाही, आणि तो ओपन बॅक असतो, म्हणजे मागून उघडा, बाहेरचा आवाज आत येतो, पॅसेंजरच्या डब्यात त्याचा उपयोगही शून्य.

डब्यातला खडखडाट अ‍ॅम्पने कमी होत नाही बरं का, उलट आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आठवड्याला ४० तास ८० डेसिबलपर्यंत, त्याच्यावर गेलं की सुरक्षित वेळ भराभर कमी होतो. आणि त्या १३,५०० च्या डबीत लिथियमची बॅटरी आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, बॅग गाडीच्या डिकीत राहिली की बॅटरीचं आयुष्य गेलं समज. डोंगलला बॅटरीच नसते, तो फोनवरच चालतो. (सोल्डरिंगची हौस असेल तर चू मोय नावाच्या माणसाचं अ‍ॅम्पचं जुनं सर्किट आहे, ९ व्होल्टची बॅटरी, एक ऑप-अ‍ॅम्प म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप, लोक ते पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवतात. सुट्टीच्या दिवशी करून बघायला मजा आहे, पण फोनला जॅक नाही म्हणजे डोंगल तरीही लागणारच.)

म्हणून माझं मत, एफडी मोड. हो, तीच. आपल्याकडे एफडी मोडणं म्हणजे घरातलं सोनं मोडल्यासारखं वाटतं, कळतं मला, पण साडेसहा टक्क्यांनी ती महिन्याला १६० च्या आसपास देते आणि कार्ड ७६० नेतं. मुदतीआधी मोडली म्हणून बँक व्याजात अर्धा-एक टक्का कापेल, कापू दे. १८,४०० एकदम भरून टाक, भरायच्या दिवशी अ‍ॅपवर नक्की आकडा बघ कारण चालू महिन्याचं व्याज वर असेल, पुढच्या बिलातही थोडं येईल. तरी हातात अकरा हजाराच्या आसपास राहतात, ते अडीनडीला ठेव, दवाखान्याला वगैरे. मग कार्डाचे हजार सुटले आणि हप्त्याला काढलेले २,२५० पण आहेत, ३,२५० ची आरडी लाव, सहा महिन्यात १९,५०० होतात, एफडी भरून निघाली.

आणि डोंगल घे रोख पैशाने, हजार ते दोन हजारात. अ‍ॅपलचा स्वस्तातला चांगला आहे पण बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज कमी देतो, तुझा अँड्रॉइडच आहे ना, मग परत करता येईल अशाच ठिकाणाहून घे.

पण त्याच्या आधी एक काम कर. उद्या ऑफिसच्या लॅपटॉपच्या जॅकला हेडफोन लाव आणि तेच गाणं ऐक. तुझी मूळ तक्रार खरखर येते आणि आवाज दबलेला वाटतो हीच आहे, आणि सध्या तू स्टेशनबाहेरून घेतलेला दीडशेचा कनेक्टर वापरतोस. लॅपटॉपवर आवाज स्वच्छ आला तर दोष कोणाचा ते तुलाच कळेल. काय झालं ते लिही.