ग्रेपफ्रूट आणि कोलेस्टेरॉलची गोळी

प्रश्न : माझे वय ६२ असून कोलेस्टेरॉलसाठी मी रोज रात्री अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची १० मिलिग्रॅमची गोळी घेते, माझे यजमान रोसुव्हास्टॅटिन घेतात. मुलगी हल्ली घरी ग्रेपफ्रूट आणते. फळ सकाळी आणि गोळी रात्री, एवढे अंतर ठेवले तर चालेल का? मोसंबी व पपनस यांचे काय?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : या बाबतीत अंतर ठेवून फारसे काही साधत नाही. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचे विकर असते आणि ते अनेक औषधांचा बराच भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमरिन ही द्रव्ये नेमके हेच विकर निकामी करतात. शरीराने ते नव्याने तयार करेपर्यंत एक ते तीन दिवस जातात आणि तोवर नेहमीचीच गोळी वाढीव मात्रेसारखी काम करते. (हा परिणाम कॅनडातील संशोधकांना १९८९ च्या सुमारास योगायोगानेच लक्षात आला : रक्तदाबाच्या एका औषधाचा मद्याशी संबंध तपासताना मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी हा रस वापरला होता.)

सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन यांच्यावर हा परिणाम सर्वाधिक होतो, म्हणून ती घेणाऱ्यांनी हे फळ वर्ज्यच करावे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर तो कमी होतो. आपण क्वचित अर्धे फळ खाल्ले तर घाबरण्याचे कारण नाही, परंतु रोज पेलाभर रस पिण्याची सवय मात्र, माझ्या मते, लावून घेऊ नये. रोसुव्हास्टॅटिनचे विघटन मुख्यतः या विकरामार्फत होत नसल्याने यजमानांच्या या गोळीला ग्रेपफ्रूटची अडचण नाही; रक्तदाबाची किंवा हृदयाची अन्य औषधे चालू असतील तर त्यांची नावे डॉक्टरांना अवश्य दाखवावीत.

पपनसाला आपण घरचे फळ मानतो, पण ग्रेपफ्रूट हा पपनस आणि गोड संत्रे यांचाच संकर असून ही द्रव्ये पपनसातही असतात, तेव्हा गणपतीच्या दिवसांत मंडईतून पपनस आणले तरी हेच पथ्य पाळावे. नागपुरी संत्री व मोसंबी यांच्याबाबत असा इशारा दिला जात नाही.

कारण नसताना स्नायू दुखू लागले, अशक्तपणा वाटला किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. फळाच्या भीतीने गोळी मात्र परस्पर बंद करू नये. सोडायचेच झाले तर फळ सोडावे.